धुण्याचें यंत्र आणि घरधन्याचें काम

शेतकऱ्याच्या घरीं बैल यावयाचा झाला म्हणजे त्याची गव्हाण, पाणी आणि सावली यांची तजवीज अगोदर होते. विहिरीवर पंप बसवावयाचा असला तर पाण्याची खोली, नळाचा व्यास आणि विजेचा दाब यांचा विचार केल्यावांचून कोणी शहाणा माणूस खरेदीस जात नाहीं. परंतु घरांत कपडे धुण्याचें यंत्र, म्हणजे ज्यास आपण वॉशिंग मशीन म्हणतों तें, आणावयाचें झालें, कीं हाच विचारी शेतकरी दुकानांत उभा राहून रंग पाहतो, किंमतीची घासाघीस करतो, आणि टेम्पोंतून यंत्र उतरलें कीं आपलें काम संपलें असें समजतो. पुढें तें चाललें तर ठीक. न चाललें तर घरांतील बायकांना तें वापरतां येत नाहीं, असा निकाल देऊन मोकळा होतो. हा निकाल चुकीचा आहे, हें प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे. दुसऱ्याच्या चुकांविषयीं लिहिणें सोपें असतें. परंतु येथें पहिली चूक लेखकाचीच असल्यामुळें ती प्रथम सांगतों.

महसूल खात्यांत कारकुनी करून मी निवृत्त झालों, तेव्हां हातीं आलेल्या रकमेंतून पहिली वस्तु घेतली ती हें यंत्र. आमचा गांव प्रवरेच्या कालव्याखालील. आमच्या सौभाग्यवतींनीं तीस वर्षें घरामागील दगडावर धुणें धुतलें. शेवटच्या दोन-तीन वर्षांत त्यांचीं मनगटें इतकीं दुखूं लागलीं कीं, पिळण्याचें काम बंद करा असें डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें होतें. यंत्र आलें आणि तीन महिने नीट चाललें. चौथ्या महिन्यांत त्यांत पाणी भरेना. अर्धा तास घुं घुं करून तें थांबे आणि चुकीचा आंकडा दाखवी. मीं प्रथम कारखान्यास दोष दिला, मग पुडीस दिला, आणि नंतर, लिहिण्यास लाज वाटते, घरांतील माणसांस दिला. कारागीर उद्यां बोलावूं असें म्हणतां म्हणतां पंधरा दिवस गेले. एके सकाळीं पाहतों तों सौभाग्यवती कांहींएक न बोलतां पुन्हां दगडावर धुणें घेऊन बसलेल्या, आणि यंत्रावर ज्वारीचें पोतें ठेवलेलें.

त्याच दिवशीं कारागीर आणला. पोरगा वीस-बावीस वर्षांचा होता. त्यानें नळ बंद केला, यंत्राच्या पाठीमागील रबरी नळी सोडली, तिच्या तोंडाशीं असलेली बोटाच्या पेराएवढी जाळी चिमट्यानें ओढून काढली आणि माझ्या हातावर ठेवली. ती गाळानें व पांढऱ्या खरपुड्यांनीं पूर्ण बुजलेली होती. "भाऊसाहेब, यंत्र धड आहे. त्याच्या तोंडांत बोळा बसला, तें पाणी कोठून पिणार?" एवढें बोलून त्यानें ती धुऊन परत बसविली. सर्व काम दहा मिनिटांचें. ठिबकाचा फिल्टर मी दर आठवड्यास धुतों, आणि घरांतील यंत्रालाहि तसलीच जाळी असेल असें मला एकदांहि सुचलें नव्हतें. त्या दहा मिनिटांच्या कामासाठीं पंधरा दिवस दुखऱ्या मनगटांनीं धुणें पिळलें गेलें.

शेतीच्या अवजारांचें आणि या यंत्राचें नातें दूरचें नाहीं. अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत न्यूटन या गांवीं १८९३ सालीं मेटॅग नांवाच्या गृहस्थानें भागीदारांसह एक कारखाना काढला. मळणीयंत्रांत पेंढ्या सरकविण्याचें उपकरण तेथें होत असे. हा माल हंगामापुरताच खपे. एरवीं कारागीर रिकामे बसत. तेव्हां बिनहंगामी महिन्यांसाठीं काम असावें म्हणून १९०७ सालीं त्यानें लांकडी टबाचें, हातानें फिरवावयाचें धुण्याचें यंत्र तयार केलें. शेतावरील घरांत वीज नसे, म्हणून १९१४ च्या सुमारास त्यास पेट्रोलवर चालणारें लहान इंजिन जोडण्याची सोय झाली. जो शेतकरी मळणीयंत्राची निगा राखूं शकतो, त्यास या यंत्राची निगा अवघड जाण्याचें कारण नाहीं.

कोणतें यंत्र घ्यावें

बाजारांत तीन जाती आहेत. पहिली अर्धस्वयंचलित, हिला दोन टब असतात. एकांत कपडे घुसळले जातात व दुसऱ्यांत पिळले जातात. मधलें उचलणें-टाकणें हातानें करावें लागतें, परंतु पाणी बादलीनें भरलें तरी चालतें. ज्या गांवीं नळ एक दिवसाआड येतो तेथें हीच सोयीची. दुसरी वरून कपडे घालावयाची, पूर्ण स्वयंचलित. तिसरी पुढील गोल दारांतून कपडे घालावयाची; हिला पाणी सर्वांत कमी लागतें, धुणें स्वच्छ निघतें व पिळणेंहि अधिक घट्ट होतें; मात्र बहुधा हिच्यांत पाणी तापविण्याची सोय असल्यामुळें वीज, पाण्याचा दाब व निगा या तिन्हींविषयीं ती काटेकोर असते.

पाण्याच्या दाबाचा हिशेब शेतकऱ्यास सांगावयास नको. दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ म्हणजे दर चौरस सेंटीमीटरास सुमारें एक किलोग्रॅम दाब. पुष्कळ स्वयंचलित यंत्रांस याच्या तीन दशांश तरी दाब हवा असतो. म्हणजे यंत्राच्या तोटीपासून टाकीचा तळ निदान तीन मीटर, म्हणजे सुमारें दहा फूट, उंच पाहिजे. टाकी जर न्हाणीच्या छपरावर सहा फुटांवर असेल, तर स्वयंचलित यंत्र घेण्यापूर्वीं टाकी वर चढवावी, अथवा अर्धस्वयंचलित यंत्र घ्यावें. नेमका आंकडा यंत्राबरोबरच्या पुस्तिकेंत असतो. तो खरेदीपूर्वीं दुकानांत वाचून घ्यावा.

जागा आणि बैठक

दर मिनिटास बाराशें फेरे म्हणजे सेकंदास वीस फेरे. ओल्या कपड्यांचें ओझें घेऊन टब या वेगानें फिरूं लागला म्हणजे डगमगती बैठक टिकत नाहीं. सारवलेल्या जमिनीवर किंवा हलत्या शहाबादी फरशीवर यंत्र ठेवूं नये. काँक्रीटचा पक्का ओटा करावा. चारी पाय फिरवून उंच-सखल करतां येतात. गवंड्याची पाणसळ वर ठेवून दोन्ही दिशांनीं बैठक साधावी आणि मग पायांवरील चाक्या आवळाव्या. कोपऱ्यावर हात दाबून पाहतां यंत्र डुलूं नये.

पुढील दाराच्या यंत्राच्या पाठीस वाहतुकीसाठीं तीन-चार लांब बोल्ट लावलेले असतात. प्रवासांत टब हलूं नये म्हणून ते असतात. पहिल्या वापरापूर्वीं ते काढावेच लागतात. ते तसेच ठेवून यंत्र चालविलें तर तें जमिनीवर नाचूं लागतें आणि आंतील भाग मोडतात. काढलेले बोल्ट पावतीबरोबर जपून ठेवावे. घर बदलतांना पुन्हां लागतात.

खेड्यांतील घरांत आणखी एक शत्रु आहे, तो उंदीर. पुष्कळ यंत्रांचा तळ उघडा असतो. उंदीर आंत शिरून तारा कुरतडतो. तळास बसणारी पत्र्याची किंवा जाळीची झांपण मिळते, ती पहिल्याच दिवशीं बसवावी. धान्याचीं पोतीं यंत्राच्या शेजारीं ठेवूं नयेत, आणि यंत्रावर तर नयेतच.

वीज आणि अर्थिंग

पाणी तापविणाऱ्या यंत्रांतील हीटर साधारण दोन हजार वॅटचा असतो. २३० व्होल्टच्या दाबावर तो जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह ओढतो. म्हणून त्यास १६ अँपिअरचा मोठा सॉकेट व जाड तार पाहिजे; पंख्या-दिव्याच्या लहान सॉकेटास वेगळी वायर जोडून हें यंत्र चालविणें म्हणजे आगीस आमंत्रण होय. वस्तीवरील घरांत विजेचा दाब फार खालीं-वर होतो. दाब फार उतरला कीं मोटार घुमते पण फिरत नाहीं, आणि तापून जळते. अशा ठिकाणीं पुरेशा शक्तीचा स्टॅबिलायझर घ्यावा.

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट अर्थिंग. ओली जमीन, ओले हात, अनवाणी पाय आणि लोखंडी अंगाचें विजेचें यंत्र, इतक्या गोष्टी एकत्र येतात त्या याच कामांत. आमच्या येथें यंत्रास हात लागला कीं झिणझिण्या येत. सूनबाईनें हें दोनदां सांगितलें. दोन्ही वेळां मीं तें हंसण्यावारीं नेलें. पुढें वायरमनकडून सॉकेट उघडून पाहिला, तों तीन भोकांपैकीं वरच्या मोठ्या भोकामागें तारच नव्हती. बाहेरून सॉकेट तीन पिनांचा, आंतून दोनच तारांचा! आमच्या सुदैवानें झिणझिण्यांवरच भागलें. वाचकांनीं आपल्या घरचा सॉकेट जाणत्या वायरमनकडून उघडून तपासून घ्यावा. कोळसा व मीठ घातलेला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यांत कोरडा पडतो. त्यांत अधूनमधून पाणी ओतावें. पाण्याच्या नळास तार बांधून अर्थिंग झालें असें मानूं नये. त्याशिवाय ३० मिलिअँपिअर गळती होतांच प्रवाह तोडणारी जी कळ वायरमन आर.सी.सी.बी. या नांवानें ओळखतात, ती घराच्या फळीवर अवश्य बसवावी. यंत्र पुसतांना किंवा उघडतांना प्रथम पिन काढावी.

पाणी हाच खरा रोग

यंत्र कपड्यांनीं जितकें बिघडतें त्याहून अधिक पाण्यानें बिघडतें. दख्खनच्या पठारावर पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांतून झिरपत विहिरीस व बोअरास येतें. वाटेंत त्यांत कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळतात. अशा पाण्यास आपण जड पाणी म्हणतों. डाळ लवकर शिजत नाहीं, साबणास फेस येत नाहीं, बंबाच्या तळाशीं पांढरा थर बसतो, हीं त्याचीं लक्षणें घरांतील बायका आपणांपेक्षां चांगलीं जाणतात. अधिक खात्री पाहिजे तर दोन सारख्या बाटल्या घ्याव्या. एकींत विहिरीचें व दुसरींत पावसाचें पाणी अर्धें भरून दोहोंत साध्या साबणाचा सारखाच कीस टाकावा आणि हलवावें. पावसाच्या पाण्यावर फेस टिकतो. जड पाण्यांत साय धरल्यासारखे दह्याळ कण तरंगतात. तो साबण आणि चुना यांचा संयोग होय. तोच कपड्यांवर बसून पांढरे कपडे राखाडी व खरखरीत होतात.

नेमकी परीक्षा करावयाची तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेंत नमुना द्यावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकांत कठीणपणाची इष्ट मर्यादा दर लिटरास २०० मिलिग्रॅम, आणि दुसरें पाणी नसल्यास ६०० मिलिग्रॅम, अशी दिलेली आहे. आपल्या पाण्याचा आंकडा दोनशांच्या वर असेल तर पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

जड पाणी तापविलें कीं त्यांतील विरघळलेला चुना घट्ट होऊन हीटरवर थर धरतो. थर जाड झाला कीं उष्णता पाण्यांत जात नाहीं. हीटर स्वतःच तापून तडकतो. यास्तव रोजचे साधे कपडे थंड पाण्यांतच धुवावे. तसें केल्यानें थर कमी बसतो आणि वीजहि वांचते. कारण १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापविण्यासच सुमारें ०.६ युनिट लागतें, तर टब फिरविण्यास त्याहून पुष्कळ कमी.

बसलेला थर काढण्याची रीत आपणांस शेतांत माहीत आहे. ठिबकाच्या तोट्या चुन्यानें बुजल्या म्हणजे आपण नळ्यांतून ॲसिड सोडतों. यंत्रासहि तोच उपाय, मात्र सौम्य. ठिबकाचें तीव्र ॲसिड येथें घालूं नये; तें टब, रबर आणि हीटर यांस खातें. त्याऐवजीं किराणा दुकानांत मिळणारें लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, सुमारें १०० ग्रॅम रिकाम्या टबांत घालावें आणि ६० अंशांवर एक पूर्ण फेरी कपड्यांवांचून चालवावी. हीटर नसलेल्या यंत्रांत कोमट पाणी भरून, थोडा वेळ फिरवून, तासभर तसेंच ठेवून सोडून द्यावें. जड पाण्याच्या गांवीं हें दोन-तीन महिन्यांनीं करावें. एक सूचना विसरूं नये: लिंबूसत्त्व आणि ब्लीचिंग पावडर हीं एका वेळीं कधींहि वापरूं नयेत, त्यांच्या संयोगानें क्लोरीन वायु सुटतो आणि तो छातीस घातक आहे.

कालव्याच्या किंवा बोअरच्या पाण्यांतील वाळू-गाळ अडविण्यासाठीं यंत्राच्या तोटीपूर्वीं ठिबकास असतो तसा लहान जाळीचा फिल्टर बसवावा. आमच्या येथें तो बसविल्यापासून यंत्राची आंतील जाळी क्वचितच बुजते.

कपडे घालण्यापूर्वीं

काळ्या रानांतील चिखल फार बारीक असतो. तो तसाच यंत्रांत गेला तर टबाखालीं गाळ होऊन बसतो. चिखलाचे कपडे वाळवून झटकावे, नंतर बादलींत एकदां खळबळून तें पाणी टाकून द्यावें व मगच यंत्रांत घालावे. खिसे उलटे करून पाहण्याचें काम ज्याचें त्यानें करावें. आमच्या यंत्रांतून आजपर्यंत नाणीं, मोळे, कपाशीची सरकी, गव्हाचीं कुसळें आणि एकदां चुन्याची डबी निघाली आहे. ती डबी कोणाच्या बंडींत होती हें सांगण्याची जरुरी नाहीं.

यंत्रावर सात किलो असें लिहिलेलें असतें तें कोरड्या कपड्यांचें वजन होय. टब ठासून भरूं नये. वर वीतभर जागा मोकळी असावी. गोधडी व घोंगडी यंत्रांत घालूं नये. गोधडी पाणी पिऊन इतकी जड होते कीं टबाचा तोल जातो. घोंगडीची लोंकर आटते. गोधड्या धुणें हें वर्षांतून एक-दोनदां पुरुषांनीं हौदावर करावयाचें काम आहे. नऊवारी लुगडें इतर कपड्यांस वेढे घालतें. तें घडी करून जाळीच्या पिशवींत घालावें. रक्ताचे व दुधाचे डाग प्रथम थंड पाण्यांतच भिजवावे. गरम पाण्यानें ते पक्के होतात.

फवारणीचे कपडे

या कलमाकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें अशी विनंति आहे. २०१७ च्या खरिपांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, हें आपण विसरलों नसूं. तें विष फवारणाऱ्याच्या कपड्यांवर बसून घरांत येतें. नातवाच्या झबल्याबरोबर तेच कपडे एका टबांत फिरले, तर आपण यंत्र आणून काय साधलें?

म्हणून फवारणीचे कपडे घरांत आणूं नयेत. बाहेरच काढून निराळ्या बादलींत ठेवावे आणि त्याच दिवशीं धुवावे. वेळ गेला कीं औषध धाग्यांत मुरतें. हातांत रबरी मोजे घालून ते प्रथम पाण्यांतून काढावे. नंतर थोडे-थोडे, भरपूर पाण्यांत, गरम पाण्याची सोय असल्यास गरम पाण्यांत, पूड घालून दोन वेळां धुवावे. घरच्या इतर कपड्यांबरोबर मुळींच मिसळूं नयेत. शेवटीं यंत्र एकदां पूड घालून रिकामें चालवावें. कपडे उन्हांत वाळवावे. मूळ तीव्र औषध ज्या कपड्यावर सांडलें असेल तो धुण्याच्या भानगडींत पडूं नये. तो टाकूनच द्यावा. याकामीं सर्वांत उत्तम म्हणजे फवारणीचा एक जोड निराळा ठेवून तो हातानें, वेगळ्या बादलींत, ज्यानें फवारणी केली त्यानेंच धुणें. मात्र हें काम विहिरीच्या किंवा पाणवठ्याच्या कांठीं करूं नये.

पूड किती

फेस पुष्कळ म्हणजे कपडे स्वच्छ, ही समजूत दगडावरच्या धुण्यांतून आली आहे. यंत्रांत कपडे आपटण्यानें व घासण्यानें स्वच्छ होतात. फेस जास्त झाला तर तो गादीसारखा मध्यें येतो आणि कपडे आपटतच नाहींत. पुढील दाराच्या यंत्रास कमी फेसाची, त्याच्यासाठीं म्हणून मिळणारी पूड घ्यावी. पाणी जड असेल तर पूड थोडी अधिक लागते, हलकें असेल तर कमी. कपड्यांवर पांढरे पट्टे दिसले कीं पूड जास्त झाली किंवा विरघळली नाहीं असें समजावें.

महिन्याचें काम

नित्य करावयाचें एवढेंच: धुणें झालें कीं कपडे लगेच काढावे, पुढील दाराचें रबर कोरड्या फडक्यानें पुसावें आणि दार थोडें उघडें ठेवावें. बंद दारांत ओल कोंडून काळी बुरशी धरते व कपड्यांस वास येतो. घरांत लहान मुलें असतील तर तीं उघड्या टबांत शिरणार नाहींत इतकी नजर ठेवावी.

महिन्यांतून एकदां तीन जाळ्या पाहाव्या. पहिली पाठीमागें, पाणी आंत येण्याच्या तोंडाशीं. दुसरी पुढील दाराच्या यंत्रास खालच्या कोपऱ्यांत झांकणामागें असते. खालीं थाळी धरून ती सावकाश फिरवून काढावी, कारण आंत पाणी सांचलेलें असतें. वरून उघडणाऱ्या यंत्रांत टबाच्या कडेस धागे धरणारी पिशवी असते, ती उलटी करून धुवावी. तिसरी म्हणजे तोटीपूर्वीं आपण बसविलेली. पुडीचा खण बाहेर ओढून धुवावा. रबरी नळ्यांस चिरा किंवा फुगवटा दिसला तर त्या फुटण्याची वाट न पाहतां बदलाव्या, आणि काम नसतां नळ बंद ठेवावा.

सांडपाणी

हें पाणी फुकट खत आहे असें समजून पुष्कळजण तें रानांत सोडतात. धुण्याच्या पुडींत सोडियमचे क्षार मुख्य असतात. काळ्या जमिनींत सोडियम सांचत गेला कीं तिची चोपण जमीन होते. पावसानें चिकटते, उन्हानें दगड होते आणि पाणी आंत मुरेनासें होतें. प्रवरेच्या कालव्याखालील आम्हां लोकांस खारवट व चोपण जमीन म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको. म्हणून यंत्राचें पाणी रोपवाटिकेंत, भाजीच्या वाफ्यांत किंवा ठिबकांत सोडूं नये. शोषखड्डा करून त्यांत सोडावें. तोहि पिण्याच्या विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर असावा. नारळासारख्या झाडास घालावयाचें झाल्यास शेवटच्या खळबळीचें पाणी तेवढें घालावें, आणि तेंहि आळीपाळीनें, एकाच जागीं नव्हे. फवारणीच्या कपड्यांचें पाणी कोणत्याहि झाडास घालूं नये.

नोंदवही

कारकुनाची संवय जात नाहीं. यंत्राच्या बाजूस खिळ्यास मीं एक वही टांगली आहे. तींत तीन रकाने आहेत: तारीख, काय केलें, कोणी केलें. सातबारावर पिकाची नोंद नसली तर पीक होतें हें सिद्ध करतां येत नाहीं. तसेंच जाळी धुतल्याची नोंद नसली तर ती धुतली असें धरूं नये. लिंबूसत्त्वाची फेरी, जाळ्या, नळ्या, अर्थिंगच्या खड्ड्यांत पाणी, एवढीं कामें तींत येतात. सर्व मिळून महिन्याकांठीं अर्धा तास लागतो. खरेदीची पावती व हमीपत्र त्याच वहीच्या पुठ्ठ्यांत ठेवलें आहे.

तिसऱ्या रकान्याविषयीं दोन शब्द सांगून लेख संपवितों. आरंभीं तो रकाना घालतांना सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, त्यांत माझेंच नांव यावयाचें असेल तर वही कशाला? दगड काय वाईट होता?" त्यांचें म्हणणें बरोबर होतें. यंत्रानें हाताचें काम वांचवावें आणि निगेच्या रूपानें दुसरें काम त्याच हातांवर घालावें, यांत कसलीहि सुटका नाहीं. तेव्हांपासून त्या रकान्यांत माझें किंवा चिरंजिवांचें नांव असतें. धुणें कोणींहि लावावें. परंतु यंत्राची निगा ही पंपाच्या व बैलाच्या निग्याप्रमाणेंच घरधन्यानें आपल्याकडे घ्यावी. ज्यांच्या घरीं यंत्र आहे त्यांनीं हा अंक खालीं ठेवण्यापूर्वीं उठून पाठीमागील जाळी एकदां काढून पाहावी, आणि सॉकेट तपासण्यासाठीं वायरमनास निरोप धाडावा.